गग्ग भिक्खू आणि आमची लेक



गेल्या ६ डिसेंबरच्या अभिवादन सभेला जे हजर होते, त्यांना माझी लेक आठवत असेल. तिला पाच मिनिटं दिली होती, ती चाळीस मिनिटं बोलली. चवदार तळ्यापासून कोलंबिया विद्यापीठापर्यंत, मध्येच इंग्रजी, मध्येच पाली. तुम्ही उभं राहून टाळ्या वाजवल्यात. मीही वाजवल्या. खाली पार्किंगमध्ये तिघांनी माझा हात धरून सांगितलं, "बाबासाहेबांची खरी लेक आहे हो!" त्या वेळी ती चार रात्री धड झोपलेली नव्हती आणि ते मला माहीत होतं. अकरावीचा अभ्यास आहे, एवढंच मी समजून चाललो होतो.

पाच दिवसांनी तिला रुग्णालयात दाखल करावं लागलं. निदान बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे मराठीत द्विध्रुवी विकार. वय सोळा.

हे मी तिच्या परवानगीने लिहितो आहे. मसुदा तिने वाचला, दोन परिच्छेद काढायला लावले आणि एक वाक्य स्वतः घातलं. ते कुठलं, हे सांगायचं नाही असं आमच्यात ठरलं आहे.

आजाराची माहिती तुम्हाला कुठेही मिळेल, म्हणून थोडक्यात सांगतो. यात मन काही काळ खोल नैराश्यात जातं आणि काही काळ उन्मादाच्या टोकाला. उन्मादात झोप लागत नाही आणि तिची गरजही वाटत नाही, विचार धावतात, पैसा उडतो, आपल्याला काहीही अशक्य नाही असं वाटतं. बाहेरून बघणाऱ्याला सुरुवातीला ते तेज वाटतं. आम्हा सगळ्यांना त्या संध्याकाळी तेच वाटलं.

घरी आल्यावर सल्ले सुरू झाले. अंगारे-धुपाऱ्यांबद्दल इथे लिहायची गरज नाही, २२ प्रतिज्ञा आपल्या सगळ्यांना पाठ आहेत. (तरी एका नातेवाइकाने नागपूरहून ताईत कुरिअर केला, हेही खरं.) मला जास्त विचार करायला लावलं ते धम्माच्या नावाने आलेल्या सल्ल्यांनी.

एकाने सांगितलं, हे मागच्या जन्मीचं कर्म आहे, भोगूनच संपेल. हे ऐकून मी संयुत्त निकायातलं मोलियसीवक सुत्त पुन्हा काढून वाचलं. सीवक नावाचा परिव्राजक बुद्धांना नेमकं हेच विचारतो, की माणसाला होणारं सगळं सुखदुःख पूर्वकर्मामुळेच असतं का? बुद्ध त्याला पित्त, कफ, वात, या तिन्हींचा संयोग, ऋतूतला बदल, शरीराची नीट काळजी न घेणं, बाहेरून झालेला आघात अशी एकेक कारणं मोजून दाखवतात. कर्मफल ही त्या यादीतली एक नोंद आहे, सगळी यादी नव्हे. बाबासाहेबांनी तर 'बुद्ध आणि त्यांचा धम्म'मध्ये गतजन्मीच्या कर्माच्या सिद्धांताला सरळ विरोधच केला आहे. सोळा वर्षांच्या मुलीला तिच्या दुखण्याचा गुन्हेगार ठरवणारा विचार आपण धर्मांतराच्या वेळी मागे टाकून आलो. तो व्हॉट्सॲपवरून परत घरात घ्यायचा कशाला?

दुसरा सल्ला होता, दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला पाठवा. मी स्वतः इगतपुरीला दोन शिबिरं केली आहेत, मला त्याचा फायदा झाला आहे. पण त्याच परंपरेच्या नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं आहे की विपश्यना हा वैद्यकीय किंवा मनोविकारांवरील उपचारांना पर्याय नाही आणि गंभीर मनोविकार असलेल्यांना तिची शिफारस केली जात नाही. शिकवणारे स्वतः हे सांगतात, आपण त्यांच्यापेक्षा पुढे जायचं कारण नाही. वीणेच्या तारेचा दृष्टांतही मला सहा जणांनी पाठवला. सोण भिक्खू अति परिश्रमाने थकला होता, म्हणून बुद्धांनी त्याला सांगितलं की तार फार ताणू नये, फार सैलही सोडू नये. पण सोणाच्या हातात तार पिळायची खुंटी होती. माझ्या लेकीच्या हातातून तीच निसटली होती.

तिसरा आक्षेप पाचव्या शीलाचा. मनावर परिणाम करणाऱ्या गोळ्या रोज घेणं म्हणजे नशाच नव्हे का? विनयपिटकाच्या महावग्गात औषधांचं एक अख्खं प्रकरण आहे. पिलिंदवच्छ नावाच्या भिक्खूला वाताचा त्रास होता. वैद्याने सांगितलेल्या तेलात मद्य घालावं लागत होतं. बुद्धांनी ते घालायला परवानगी दिली. मात्र मद्याचा रंग, वास, चव जाणवणार नाही एवढंच प्रमाण ठेवायला सांगितलं. तेव्हाही औषध आणि नशा यांतला फरक प्रमाणावर आणि हेतूवर ठरत होता. पाचव्या शीलाबद्दल मला याहून जास्त काही म्हणायचं नाही, कारण आमच्या घरात पाचवं शील मोडलं नव्हतं. चौथं मोडलं होतं, आणि ते मी मोडलं होतं.

गेल्या ऑक्टोबरमध्ये ती पहिल्यांदा खचली. शाळेला जाईना, जेवेना. आम्ही तिला डॉक्टरांकडे नेलं. तिथल्या फॉर्मवर एक प्रश्न होता, 'कुटुंबात कोणाला मानसिक आजार आहे किंवा होता का?' मी 'नाही'वर खूण केली.

माझी मोठी आत्या १९७० च्या दशकात नागपूरच्या मनोरुग्णालयात दोनदा राहून आली होती. ती रात्र-रात्र शिवणयंत्र चालवायची, घरातली भांडी वाटून टाकायची आणि मग महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. मी लहान होतो, पण हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. इंदोऱ्यातल्या आमच्या घरात याला 'तिला वारं लागलंय' म्हणत. तिचं लग्न मोडलं, आणि मग तिचं नाव घेणंच बंद झालं. मी इंजिनिअर झालो, एम.टेक. केलं, अठरा वर्षं सर्व्हर सांभाळतो आहे. कुठलीही यंत्रणा बंद पडली की मी पहिल्यांदा जुन्या नोंदी मागतो. आणि स्वतःच्या घरातली नोंद मी दाबून ठेवली. का? कंपनीच्या विम्यात जाईल, कोणाला कळेल, व्हिसाचं काय होईल, उद्या मुलीच्या लग्नाचं काय. यातली निम्मी भीती तर निराधार होती. अमिरातीत १९८१ च्या जुन्या कायद्याच्या जागी २०२३ चा नवा मानसिक आरोग्य कायदा आला आहे, मे २०२४ पासून तो लागू आहे, आणि रुग्णाची गोपनीयता हा त्यात हक्क आहे. हे मी नंतर वाचलं. आधी वाचलं असतं तरी खरं लिहिलं असतं का, हे छातीवर हात ठेवून सांगता येत नाही.

डॉक्टरांनी समोर दिसलं त्यावर उपचार केले आणि नैराश्याची गोळी सुरू केली. ज्याच्यात बायपोलरचा कल आहे, त्याच्यात अशी एकटी गोळी कधी कधी उन्माद उसळवते. म्हणूनच तो प्रश्न फॉर्मवर असतो. डिसेंबरमध्ये रुग्णालयात तिसऱ्या दिवशी मी आत्याबद्दल सांगितलं, तेव्हा तिथल्या डॉक्टर म्हणाल्या की तरीही हे झालंच नसतं असं कोणी म्हणू शकत नाही, पण आधी कळलं असतं तर जास्त जपून पावलं टाकली असती. माझी बायको शेजारी बसली होती. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, आणि तिनेही ते पहिल्यांदाच ऐकलं.

लेकीला मी फेब्रुवारीत सांगितलं. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आजीच्या भिंतीवर सगळ्यांचे फोटो आहेत. तिचा का नाही?"

आता उपचार निवडण्याबद्दल, कारण तुमच्यापैकी कोणाच्या घरी ही वेळ आली तर उपयोग होईल. आमच्यापुढे प्रामुख्याने तीन औषधं होती. पहिलं लिथियम. हा निसर्गात सापडणारा क्षार आहे, १९४९ साली ऑस्ट्रेलियात जॉन केड यांनी उन्मादावरचा त्याचा उपयोग दाखवला. अनेक वर्षांच्या अभ्यासांत लिथियम घेणाऱ्यांमध्ये आत्महत्या कमी दिसल्या आहेत, हे डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या बाल्कनीला कुलूप होतं. पण लिथियमची खिडकी अरुंद आहे. रक्तातलं प्रमाण साधारण ०.६ ते १.० मिलिमोल प्रति लिटर ठेवायचं, आणि १.५ च्या पुढे विषबाधेची भीती. हात कापणं, उलट्या, चाल अडखळणं. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं आणि प्रमाण चढतं. शारजातल्या जुलैचा विचार करा. इथे १५ जूनपासून १५ सप्टेंबरपर्यंत दुपारी उघड्यावर काम करायला बंदी असते, ती उगाच नाही. आयब्युप्रोफेनसारख्या साध्या वेदनाशामकानेही प्रमाण चढतं. शिवाय थायरॉईड आणि मूत्रपिंडाची तपासणी नियमित.

दुसरं व्हॅलप्रोएट. पुढे गर्भारपणात ते बाळाला घातक ठरू शकतं, म्हणून मुलीसाठी डॉक्टरांनीच ते बाजूला ठेवलं. तिसरं क्वेटियापिनच्या जातीचं. त्याचा गुण येतो, पण सकाळी सुस्ती, वजन वाढणं, साखरेवर लक्ष. कुठलंही घेतलं तरी सोबत समुपदेशन आणि झोपेची ठरलेली वेळ. आणि एक व्यवहाराची गोष्ट, भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांच्या पिशवीतून गोळ्या मागवू नका. झोपेच्या आणि घबराटीच्या कित्येक गोळ्या इथे नियंत्रित यादीत आहेत, त्या आणायला आधी परवानगी लागते.

मी माझ्या सवयीप्रमाणे एक्सेल उघडलं. फायदे, धोके, खर्च, तपासण्या, प्रत्येकाला भारांक. लिथियमला ७.४, क्वेटियापिनला ६.९. रात्री लेकीने ते पाहिलं आणि विचारलं, "पप्पा, यात माझं मत कुठल्या कॉलममध्ये आहे?"

तो कॉलम नव्हता.

तिला सुरुवातीला काहीच नको होतं. ती म्हणाली, "ते दहा दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात छान दिवस होते. तुम्ही मला ते कायमचे सोडायला सांगताय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाही. तिचं ते सुख तिच्यासाठी खोटं नव्हतं. सही आई-वडिलांची लागते, तेव्हा आम्ही सही करून मोकळे होऊ शकलो असतो. फेब्रुवारीत एकदा मी आंब्याच्या मिल्कशेकमध्ये गोळी कुटून घालायचा विचारही केला होता. तिच्या आईने ग्लास हातातून काढून घेतला. म्हणाली, एकदा खोटं बोलून बघितलंस ना?

मग आम्ही तिला डॉक्टरांसमोर एकटीला बसू दिलं. तिने स्वतः प्रश्न विचारले. ती चित्रं काढते, अजिंठ्याच्या आकृतींच्या वह्या भरल्या आहेत, म्हणून हात किती कापेल हा तिचा पहिला प्रश्न होता. माझ्या तक्त्यात तो नव्हता. शेवटी तिने लिथियम निवडलं, पण अटी घालून. रिपोर्ट आधी तीच वाचणार. वर्षाने पुन्हा बसून ठरवायचं. आणि ती चिडली की लगेच "गोळी घेतलीस का?" असं विचारायचं नाही, कारण सोळाव्या वर्षी माणूस बापावर निरोगी असतानाही चिडतो. शेवटची अट मी तीनदा मोडली आहे.

राहिला तिचा एक प्रश्न. उन्मादात तिने आईला जे बोलली, मैत्रिणींना जे मेसेज पाठवले, त्याची तिला आता इतकी लाज वाटते की ती आपल्या कार्यक्रमांना येत नाही. "ते मी बोलले की आजार बोलला?" मी तिला गग्गाची गोष्ट सांगितली. गग्ग नावाच्या भिक्खूचं चित्त भ्रमलं होतं. कधी त्याला उपोसथ आठवायचा, कधी नाही. कधी तो संघाच्या कामाला यायचा, कधी नाही. बुद्धांनी त्याला संघाबाहेर काढलं नाही. संघासमोर रीतसर ठराव मांडायला सांगितलं, की गग्गाला आठवो वा न आठवो, तो येवो वा न येवो, संघ आपलं काम करील. पुढे गग्ग बरा झाला. काही भिक्खू त्याला भ्रमातल्या वागण्यावरून दोष देऊ लागले, तेव्हा बुद्धांनी त्याला अमूळ्ह-विनय द्यायला सांगितलं. म्हणजे आता त्याचं चित्त ठिकाणावर आहे आणि भ्रमात केलेल्याचा दोष त्याच्यावर नाही, असा संघाचा निर्णय. संविधान सभेत २५ नोव्हेंबर १९४९ ला बाबासाहेबांनी भिक्खू संघाच्या सभानियमांचा अभिमानाने उल्लेख केला होता. ते नियम एका वेड्या ठरवल्या गेलेल्या माणसासाठीही चालवले गेले होते, हे मला माझ्या लेकीमुळे कळलं.

तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, "मग तुम्हाला पण अमूळ्ह-विनय मिळेल का? त्या फॉर्मसाठी?"

मला मिळणार नाही. माझं चित्त ठिकाणावर होतं.

मे महिन्यात आम्ही नागपूरला गेलो. आईच्या पेटीत आत्याचा एक फोटो सापडला, शिवणयंत्राशेजारी उभी, हसते आहे. लेकीने तो फ्रेम करून आजोबांच्या शेजारी लावला. आईने विरोध केला नाही, फक्त खिळा ठोकताना पाठ फिरवून उभी राहिली.

येत्या ऑक्टोबरमध्ये धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आहे. ती येईल की नाही, मला माहीत नाही. आली तर बोलेलच असं नाही. तिच्या हातात निळी पाण्याची बाटली असेल. ती रिकामी दिसली तर भरून द्या, आणि अभ्यास कसा चालला आहे ते विचारा.