धूळ रंगविण्याचे नीतिशास्त्र

छोट्या आकाराची आगगाडी मांडून तिच्याभोवती डोंगर, झाडे आणि वस्ती उभी करण्याचा छंद आपल्याकडे फारसा रुजलेला नाही. तथापि मराठी माणसाला तो अगदीच अपरिचितही नाही. पुण्यात कोथरूड भागात भाऊसाहेब जोशी यांनी उभारलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय १९९८ मध्ये खुले झाले. गाड्यांइतकेच तेथील पूल, सिग्नल आणि रस्त्यावरचे दिवे पाहणाऱ्याला खिळवून ठेवतात. या निरुपद्रवी वाटणाऱ्या छंदात एक नैतिक प्रश्न दडलेला आहे. नव्या वस्तूला मुद्दाम जुनी आणि मळकी करणे, ही फसवणूक म्हणावी की सचोटी?

विकत आणलेला छोटा रूळ सर्वांगाने चकचकीत असतो. जाणकार त्याच्या बाजूंना गंजाचा तपकिरी रंग देतात आणि माथा तेवढा स्वच्छ ठेवतात. कारण खऱ्या रुळाचा माथा चाकांच्या घर्षणाने उजळ राहतो आणि गंज चढतो तो बाजूंवर. डब्यांवरून काळपट, पातळ रंगाचा हात फिरवितात; तो खाचांत साचला की वर्षानुवर्षांची धूळ बसल्याचा भास होतो. उंचवट्यांवर जवळजवळ कोरड्या कुंचल्याने फिकट रंग घासतात. दूरचे डोंगर निळसर, धूसर ठेवतात. एवढे झाले, की खेळण्याची गाडी होते.

आमच्या मते ही सचोटीच होय. शासकीय सेवेच्या काळात, मोठ्यांच्या दौऱ्याच्या आदल्या दिवशी पडक्या भिंतींना चुना फासलेला आम्ही अनेकदा पाहिला आहे. रंग वरूनच दिलेला, तो दोन्हीकडे. परंतु चुना वास्तव झाकतो, तर गंजाचा रंग ते उघड करतो.

प्रश्न येथे संपत नाही. या छंदातील एक प्रचलित प्रमाण १ : ८७ असे आहे. त्यात १७४ सेंटिमीटर उंचीचा माणूस केवळ २ सेंटिमीटरचा होतो. पण भोपाळ ते इटारसी हा सुमारे ९० किलोमीटरचा मार्ग मात्र त्याच प्रमाणात १ किलोमीटरहून अधिक लांब भरतो. एवढे घर कोणाचे असणार? म्हणजे वगळणे अटळ आहे. बुधनीच्या घाटातले एखादे वळण घ्यावे, नर्मदेवरचा पूल घ्यावा, बाकीचे सोडावे. यात अप्रामाणिकपणा नाही. मात्र वगळणे वेगळे आणि पुसणे वेगळे.

पिढ्यान्‌पिढ्या या प्रांतात स्थायिक झालेल्या आपल्या कुटुंबांच्या मनातही मूळ गावाची अशीच एक प्रतिकृती असते. वाडा, तुळशीवृंदावन, नदीचा घाट. सारे ताज्या रंगातले. ज्या कर्जापायी वा दुष्काळापायी एखाद्या पूर्वजाने गाव सोडले असेल, त्याचा डाग तिच्यावर सहसा नसतो.

आणि खुद्द भोपाळ स्थानकाची प्रतिकृती करावयाची झाली तर? २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून सुटलेला विषारी वायू या फलाटांवरही पोहोचला. काही रेल्वे कर्मचारी कर्तव्यावर असतानाच मृत्युमुखी पडले. उपस्थानक अधीक्षक गुलाम दस्तगीर यांनी उभी असलेली गाडी वेळेआधीच पुढे रवाना केली आणि असंख्य प्रवासी वाचले. ती रात्र दोन सेंटिमीटरच्या बाहुल्या आडव्या पाडून दाखवावी काय? मुळीच नाही. दुसऱ्याच्या मरणाचे खेळणे करणे हे औचित्याला धरून नाही. परंतु कारखान्याच्या जागी भुशाचे हिरवेगार मैदान पसरून देणे, हेही तितकेच गैर. ते वगळणे नव्हे, पुसणे होय.

म्हणून आमचे मत असे : दुःखाचा देखावा करू नये, पण त्याची जागा रिकामीही दाखवू नये. रुळांपलीकडे कारखान्याची गंजलेली आकृती उभी असावी, आणि फलाटावर वेळेआधी सुटण्यास सज्ज असलेली एक गाडी. ज्याला ठाऊक आहे, तो क्षणभर थांबेल. ज्याला ठाऊक नाही, तो विचारील. आणि सांगणारे जोवर आपल्यात आहेत, तोवर त्याने विचारावे, हेच उत्तम.