चाळिशी

मराठी भाषेनें ‘चाळिशी’ या एकाच शब्दांत दोन अर्थ मोठ्या मार्मिकपणें सांठविले आहेत. मनुष्याच्या वयाचा एक टप्पा हा पहिला, आणि त्या टप्प्यावर नाकावर येऊन बसणारा चष्मा हा दुसरा. वय वाढतें तसतशी डोळ्यांतील भिंगाची लवचिकता कमी होते. जवळचा पदार्थ पाहण्यासाठीं तें जितकें फुगावयास पाहिजे तितकें फुगत नाहीं. परिणाम असा होतो कीं, दूरच्या डोंगराची कड स्पष्ट दिसते आणि हातांतील पुस्तकाचीं अक्षरें मात्र पुसट होतात.

ही गोष्ट डोळ्यांपुरतीच असती तर वैद्यकाचा विषय होऊन ती तेथेंच संपली असती. परंतु मनासही याच सुमारास अशीच चाळिशी लागते, असें बारकाईनें पाहणारास आढळून येईल. मुलांचीं शिक्षणें, घराचे हप्ते, निवृत्तीनंतरची तरतूद, चार लोकांतील नांव, हीं दूरचीं दृश्यें प्रौढ गृहस्थास स्वच्छ दिसतात. अंगणांतील पारिजातकाचा सडा, तव्यावरून नुकत्याच उतरलेल्या भाकरीचा वास, शेजारीं बसलेल्या माणसाच्या आवाजांतील थकवा, हीं जवळचीं अक्षरें त्याला लागत नाहींत.

या अंधुकपणाचा दोष सामान्यतः संवयीच्या माथीं मारला जातो. तो कितपत न्याय्य आहे? अॅरिस्टॉटलच्या मतें सद्गुण जन्मतः मिळत नाहीं, तो संवयीनेंच अंगीं बाणतो. आपल्याकडील योगशास्त्रानेंही चित्ताच्या निरोधाचे जे दोन उपाय सांगितले, त्यांत वैराग्याच्या आधीं अभ्यासाचें नांव घेतलें. विल्यम जेम्स यानें १८९० सालीं प्रसिद्ध केलेल्या मानसशास्त्रावरील ग्रंथांत संवयीची तरफदारी अगदीं व्यवहारी दृष्टीनें केली आहे. रोजच्या बारीकसारीक गोष्टी संवयीच्या स्वाधीन कराव्या, म्हणजे बुद्धीच्या उच्च शक्ति त्यांच्या स्वतःच्या कामासाठीं मोकळ्या राहतात, असें त्याचें म्हणणें. याच्या उलट कांटनें १७९८ सालच्या आपल्या मानवशास्त्रावरील ग्रंथांत संवयीला दूषणच दिलें. कारण संवयीनें केलेल्या सत्कृत्यांतून मनाचें स्वातंत्र्य निघून जातें व त्याबरोबर त्याचें नैतिक मोलही जातें. ज्याच्या फिरावयास निघण्याच्या वेळेवरून शेजारी घड्याळें लावीत अशी आख्यायिका आहे, त्याच तत्त्वज्ञानें हें लिहावें, ही गंमत वाचकांच्या लक्षांत आलीच असेल!

दोन्ही पक्षांत तथ्य आहे. लंडन येथील युनिव्हर्सिटी कॉलेजांतील संशोधकांनीं ९६ व्यक्तींचा अभ्यास करून २०१० सालीं असें दाखविलें कीं, एखादी लहानशी नवी गोष्ट आपोआप घडूं लागण्यास सरासरीनें ६६ दिवस पुरतात; कोणास १८ दिवस लागतात, कोणास २५४. म्हणजे आज जें जाणून करावें लागतें तें दोनअडीच महिन्यांत न जाणतां होऊं लागतें. मग वीस-पंचवीस वर्षांच्या संसाराची काय कथा! येथें जेम्सचा मुद्दा मान्य करूनही त्याला एक प्रश्न विचारावासा वाटतो. संवयीमुळें जें अवधान शिल्लक पडलें, त्याचें पुढें काय झालें? तें उच्च कामासाठीं खर्च झालें, कीं नुसतेंच विरून गेलें?

या प्रश्नाचें अत्यंत प्रांजळ उत्तर चार्लस् डार्विन यानें देऊन ठेविलें आहे. १८७६ सालीं, वयाच्या ६७ व्या वर्षीं लिहिलेल्या आत्मचरित्रांत तो म्हणतो कीं, तिशीपर्यंत व त्यानंतरही त्यास काव्याची गोडी होती. पुढें मात्र ती पार नाहींशी झाली, संगीताची आवडही बहुतेक गेली, आणि मन म्हणजे वस्तुस्थितीच्या ढिगांतून नियम दळून काढणारें यंत्र झालें. पुन्हां आयुष्य मिळालें तर आठवड्यांतून एकदां तरी थोडें काव्य वाचण्याचा व थोडें संगीत ऐकण्याचा नियम करीन, असें तो सांगतो. संवयीनें गमावलेली वस्तु परत मिळविण्यासाठीं त्यास दुसरा उपाय सुचला नाहीं. सुचली ती नवी संवयच. तेव्हां दोष संवयीचा नाहीं. तिच्या हातीं काम सोंपवून आपण मनानेंही उठून जातों, याचा आहे.

यावर कोणी असा आक्षेप घेईल कीं, पारिजातक, भाकरी आणि पहांटेचा चहा यांचें कौतुक ही पराभूतांची समजूत आहे. तरुणपणीं जें साधावयाचें होतें तें साधलें नाहीं, म्हणून आतां मनुष्य लहान सुखांस मोठें म्हणूं लागतो. हा आक्षेप थट्टेवारी नेण्यासारखा नाहीं. संतोष आणि शरणागति यांचा पोशाख पुष्कळदां एकच असतो. त्यांची पारख करावयाची तर त्या सुखाचा आकार पाहून भागत नाहीं. तें कोणाच्या जिवावर उभें आहे हें पाहावें लागतें.

आमच्या परिचयाचे एक गृहस्थ आहेत. वय पन्नाशीच्या आसपास. रोज पहांटे साडेपांचास गॅलरींतील खुर्चीवर बसून, आल्याचा चहा घेत, वीस मिनिटें कांहींही न करणें हें त्यांचें सुख. या सुखाची ते मोठ्या रसिकतेनें वर्णनें करीत. मध्यंतरीं त्यांची पत्नी आजारी भावाच्या शुश्रूषेसाठीं तीन आठवडे माहेरीं गेली. पहिल्याच दिवशीं त्यांस साखरेचा डबा सांपडेना. दुसऱ्या दिवशीं दूध उतूं गेलें. गाळणें रात्रीं घांसून ठेवावें लागतें, आलें दोन दिवसांपूर्वीं आणून ठेवावें लागतें, आणि साडेपांचास स्वस्थ बसावयाचें तर कोणीतरी पांचास उठावें लागतें, हीं सत्यें त्यांस पाठोपाठ कळलीं. पत्नी परत आल्यावर त्यांनीं तिला विचारलें, “तूं सकाळीं चहा कोठें बसून घेतेस?” तिला थोडा विचार करावा लागला. ती म्हणाली, “ओट्याशींच, उभ्यानें. तोंवर तुमच्या पाण्याचा गीझर लावायचा असतो ना!”

आमच्या मतें खरा नैतिक प्रश्न येथें आहे. एकाची संवय हें दुसऱ्याचें काम असूं शकतें, आणि तें काम जितकें बिनचूक होतें तितकें तें दिसेनासें होतें. नवऱ्यानें भरलेलीं बिलें पत्नीस दिसत नाहींत, हेंही खरेंच. परंतु बिल महिन्यांतून एकदां येतें आणि पहांट रोज होते. आपल्या प्राचीनांनीं मनुष्य जन्मतःच ऋणी असतो असें मानलें. देव, ऋषि आणि पितर यांचीं तीन ऋणें सर्वांच्या परिचयाचीं आहेत. शतपथ ब्राह्मणांत त्यांखेरीज मनुष्यांचें चौथें ऋणही सांगितलें आहे. तें अतिथीस आसरा व अन्न देऊन फेडावयाचें. दारीं आलेल्या परक्याचें ऋण जर मानावयाचें, तर ज्या माणसानें वीस वर्षें आपल्या हातीं कपबशी दिली त्याचें काय?

म्हणून लहान सुखें टाकून द्यावीं असें मुळींच नाहीं. त्या गृहस्थांचीं वीस मिनिटें हीं चोरी नव्हे. मात्र घरांतील दुसऱ्या माणसाच्या दिवसांत अशीं वीस मिनिटें आहेत काय, हें विचारल्याखेरीज त्या सुखास संतोष हें नांव शोभत नाहीं. विचारलें आणि उत्तर नकारार्थी आलें, तर आठवड्यांतील निदान दोनतीन पहांटा जागा बदलून पाहाव्या. एकानें ओट्याशीं उभें राहावें, दुसऱ्यानें गॅलरींत बसावें. प्रारंभीं दोघांनाही अवघडल्यासारखें होईल. ६६ दिवसांचा हिशेब ध्यानांत ठेवून तें सोसावें.

आपल्या घरांत ‘आभारी आहें’ म्हणण्याची चाल नाहीं, आणि नवराबायकोंत ती नसावी हेंच बरें. परंतु न बोललेली कृतज्ञता आणि नसलेली कृतज्ञता या दोन्ही बाहेरून सारख्याच दिसतात. त्यांतील फरक कृतीनेंच कळतो. आणि ती कृति उद्यां पांच वाजतां उठून आधण ठेवण्याइतकी सोपी आहे.