एका बाणाचे तीन भागीदार



उक्बा बिन आमिर (रजि.) या सोबत्यांकडून आलेली एक हदीस अबू दाऊद आणि तिर्मिजी यांच्या संग्रहांत आढळते. तिचा आशय असा की, अल्लाह एकाच बाणाच्या निमित्ताने तिघांना जन्नतमध्ये दाखल करतो. एक तो बाण घडविणारा, दुसरा तो सोडणारा आणि तिसरा तो सोडणाऱ्याच्या हाती देणारा. यांत घडविणाऱ्याचा उल्लेख अगोदर आहे, आणि एक अट खास त्याच्याच नावापुढे जोडलेली आहे: घडविताना त्याच्या मनात भलाईचा हेतू असावा. नेम धरणाऱ्याचे कसब सर्वांना दिसते. कोपऱ्यात बसून पाते घासणाऱ्याचे मन मात्र अल्लाहशिवाय कोणाला दिसत नाही. म्हणूनच त्याच्या हेतूचा निराळा उल्लेख झाला असावा.

हे स्मरण आज करण्याचे कारण एक प्रश्न आहे. आपली अनेक मराठी भाषक मुस्लिम कुटुंबे अमेरिकेत स्थायिक झाली आहेत. त्या देशात पिस्तुलाची नेमबाजी हा सुटीच्या दिवसाचा छंद आहे, आणि त्यालाच जोडून दुसरा एक छंद आहे, तो म्हणजे झाडलेल्या काडतुसाच्या रिकाम्या पुंगळ्या जमवून घरच्या घरी नवी काडतुसे भरण्याचा. तेथे वाढलेला आपला मुलगा किंवा भाचा शेजाऱ्याच्या गॅरेजमध्ये हे काम पाहतो, त्यात रमतो, आणि आईवडिलांना विचारतो की यात काही गैर आहे काय. आईवडील घाबरतात. शस्त्राचे नाव निघताच घाबरण्याची आपल्याला सवय झाली आहे, आणि ती का झाली हे कोणास सांगावयास नको. परंतु भीती म्हणजे फतवा नव्हे. मुलाने प्रश्न धर्माचा विचारला असेल, तर उत्तरही धर्माच्या आधारेच द्यावयास हवे.

मूळ गोष्ट स्पष्ट आहे. नेमबाजी ही इस्लाममध्ये निंद्य नाही, उलट प्रशंसनीय आहे. सूरह अल-अन्फालच्या साठाव्या आयतीत सामर्थ्य सज्ज ठेवण्याचा आदेश आहे. सहीह मुस्लिममधील वर्णनानुसार प्रेषित (स.) यांनी मिंबरवरून ती आयत पठण करून, सामर्थ्य म्हणजे नेमबाजीच होय, असे तीन वेळा सांगितले. सहीह बुखारीत असलम कबिल्यातील लोकांच्या तिरंदाजीच्या स्पर्धेचा प्रसंग आहे. प्रेषित (स.) तेथून जात असता थांबले, त्यांनी त्यांना हजरत इस्माईल (अ.) यांच्या तिरंदाजीची आठवण दिली आणि आपण अमुक गटाच्या बाजूने आहोत असे म्हणाले. त्याबरोबर दुसऱ्या गटाने हात आखडता घेतला, कारण ज्या गटात प्रेषित (स.) आहेत त्यावर बाण कसा चालवावा? तेव्हा आपण सर्वांच्याच सोबत आहोत, असे सांगून त्यांनी खेळ पुढे चालू करविला. किती मायेचा हा प्रसंग आहे! आणि हेच उक्बा (रजि.) वृद्धापकाळी दोन लक्ष्यांच्या मध्ये येरझारा घालीत सराव करीत, तेव्हा कोणीतरी त्यांना म्हटले की या वयात हा त्रास कशासाठी. त्यावर त्यांनी सांगितले की, जो नेमबाजी शिकला आणि मग त्याने ती सोडून दिली, त्याविषयी प्रेषित (स.) यांची नाराजी मी ऐकली नसती, तर मी हे कष्ट घेतले नसते.

आता काडतुसाकडे वळू. काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाशी बसविलेला प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी गोळी. (आपल्या मराठीने दोन अगदी भिन्न वस्तूंना दारू हे एकच नाव दिले आहे. येथे अर्थातच बंदुकीच्या दारूविषयी बोलणे चालले आहे. तथापि जी दुसरी आहे ती प्यालेल्या माणसाने या पहिलीजवळ फिरकूही नये, हे तेथील अनुभवी नेमबाजही बजावतात.) झाडल्यानंतर पुंगळी किंचित फुगते. तिला यंत्रात दाबून मूळ मापावर आणतात, जुना प्रायमर काढून नवा बसवितात, दारू मोजून घालतात आणि गोळी दाबून बसवितात. दारूचे माप ग्रेनमध्ये असते. सात हजार ग्रेन म्हणजे एक पौंड. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाच्या एका काडतुसात बहुधा चार ते पाच ग्रेन दारू जाते, म्हणजे एक ग्रॅमचा तिसरा हिस्सासुद्धा नव्हे.

या चिमूटभर वस्तूत केवढी जबाबदारी आहे ते पाहा. लक्ष विचलित होऊन एका पुंगळीत दुप्पट दारू पडली, तर पिस्तूल हातातच फुटू शकते. दारू घालायचीच राहून गेली, तर केवळ प्रायमरच्या जोरावर गोळी नळीत शिरून मध्येच अडकते. आवाज क्षीण येतो. अननुभवी माणूस तिकडे दुर्लक्ष करून पुन्हा चाप ओढतो, आणि दुसरी गोळी पहिलीवर आदळून नळी फाटते. म्हणून जाणते लोक काम करताना दूरदर्शन लावीत नाहीत, बोलत नाहीत, एका वेळी एकाच प्रकारची दारू मेजावर ठेवतात, आणि गोळी बसविण्यापूर्वी प्रत्येक पुंगळीत दिव्याच्या उजेडात डोकावून पाहतात. अल्लाहने प्रत्येक गोष्टीत उत्तमता अनिवार्य केली आहे, या आशयाची हदीस आपण कुर्बानीच्या दिवसांत सुरीच्या धारेसंबंधी ऐकतो. ती या मेजालाही तितकीच लागू आहे. त्या काडतुसाच्या बाजूला उद्या आपला भाऊ किंवा परका माणूस उभा राहणार आहे, ही जाणीव म्हणजेच ईशभय. हेतूची जी अट बाण घडविणाऱ्याला घातली गेली, ती येथे हाताच्या काळजीतून प्रकट होते.

कायद्याची बाब थोडी विस्ताराने सांगणे भाग आहे, कारण यात घरे उद्ध्वस्त होऊ शकतात. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसे भरण्यास केंद्र सरकारचा परवाना लागत नाही. विक्रीचा धंदा करावयाचा तर लागतो. राज्याराज्यांचे नियम याहून निराळे असू शकतात. परंतु आपल्या बहुसंख्य तरुणांना माहीत नसलेली गोष्ट अशी की, जो नोकरीच्या वा शिक्षणाच्या तात्पुरत्या व्हिसावर तेथे गेला आहे, त्याला तेथील केंद्रीय कायद्याने सामान्यतः पिस्तूलच नव्हे, तर साधे काडतूसही बाळगण्यास मनाई आहे. वैध शिकारपरवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. तेव्हा मित्राने भेट दिलेली काडतुसांची डबी कपाटात ठेवणारा विद्यार्थी स्वतःचे शिक्षण, व्हिसा आणि आईवडिलांची पुंजी पणाला लावीत असतो. सूरह अल-माइदाचा आरंभच करार पाळण्याच्या आदेशाने होतो. व्हिसा हा करार आहे. ज्या देशाने अभय देऊन आपल्याला आत घेतले, त्याच्या अटी मोडणे हे केवळ कायद्याचे उल्लंघन नाही, ते वचनभंगाचे पाप आहे.

आणि तो मुलगा सुटीत गावी येताना ही आवड सोबत आणू पाहील, तर त्याला स्वच्छ शब्दांत अडवा. आपल्या देशात 1959 च्या शस्त्र अधिनियमानुसार परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा कमीत कमी सात वर्षे ते जन्मठेप इतकी आहे. काडतुसाचे सुटे भाग आणि ते बनविण्याची यंत्रेसुद्धा दारूगोळ्याच्या व्याख्येत येतात. बॅगेच्या तळाशी विसरलेले एक काडतूस विमानतळावर माणसाला पोलीस ठाण्यात नेऊन बसविण्यास पुरेसे आहे. ज्याला येथे नेमबाजी शिकायची आहे, त्याने रीतसर क्लबमध्ये जावे. मार्ग खुला आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले, आणि त्याच जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे यांनी 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रायफलचे कांस्यपदक. आपल्या मुलामुलींनी या मैदानात का उतरू नये? तिरंदाजीतील स्पर्धेचे पारितोषिक तर शरीअतने नाव घेऊन वैध ठरविले आहे.

शिष्टाचाराच्या बाबतीत प्रेषित (स.) यांची शिकवण इतकी बारीक आहे की आजच्या नेमबाजी केंद्रांचे नियम वाचताना नवल वाटते. मशिदीतून वा बाजारातून बाण नेणाऱ्याने त्यांची टोके मुठीत धरावीत, असे फरमाविले. उपसलेली तलवार दुसऱ्याच्या हाती देण्यास मनाई केली. आज सुजाण नेमबाज पिस्तूल देताना मॅगझिन काढून, स्लाइड मागे अडकवून, आत काही नाही हे दाखवूनच देतो. तत्त्व तेच आहे. थट्टेतसुद्धा भावावर शस्त्र रोखू नये, कारण सैतान हात ढकलील आणि माणूस आगीच्या खड्ड्यात पडेल, अशी ताकीद बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत आहे. सख्ख्या भावावर लोखंड रोखणाऱ्यावरही फरिश्ते लानत करतात. मोबाइलच्या छायाचित्रासाठी कॅमेऱ्याकडे, म्हणजे तो धरणाऱ्या मित्राकडेच, पिस्तूल रोखून उभे राहणाऱ्या मुलांना हे कोणीतरी वाचून दाखवावे.

अब्दुल्लाह बिन मुगफ्फल (रजि.) यांनी एकाला बोटांनी खडे उडविताना पाहिले आणि प्रेषितांची मनाई सांगितली. याने शिकार होत नाही, शत्रू जखमी होत नाही, मात्र कोणाचा दात पडतो, कोणाचा डोळा फुटतो. तो माणूस पुन्हा तेच करू लागला, तेव्हा त्यांनी त्याच्याशी बोलणे सोडले. लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडणाऱ्यांना याहून नेमके उत्तर नाही. आता त्याला दोन वर्षांपर्यंत कैद अथवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. इब्ने उमर (रजि.) यांना कुरैशची काही मुले एका पक्ष्याला बांधून त्यावर बाण मारताना दिसली होती. त्यांना पाहताच ती पांगली. जिवंत प्राण्याला निशाण्याची वस्तू करणाऱ्यावर प्रेषितांनी लानत केली आहे, असे त्यांनी सांगितले. कागदी वर्तुळ, पत्र्याची फळी, मातीची तबकडी यांवर मनसोक्त सराव करावा. चिमणी-कावळ्यांवर नव्हे.

खर्चाचेही पाहावे. काडतुसे घरी भरली की पैसे वाचतात, असे सांगितले जाते. पण हा छंद करणारेच हसत कबूल करतात की पैसे वाचत नाहीत, त्याच पैशांत गोळ्या अधिक झाडल्या जातात. जकात थकलेली असताना किंवा भावाचे कर्ज डोक्यावर असताना पितळेच्या बादल्या भरणे याला छंद म्हणता येणार नाही. सूरह बनी इस्राईलमध्ये उधळपट्टी करणाऱ्यांना सैतानाचे भाऊ म्हटले आहे.

सर्वांत कठीण गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी अर्ध्याहून अधिक आत्महत्या असतात. आपल्या घरांत नैराश्याविषयी बोलत नाहीत. परीक्षेत अपयश आले, निकाह मोडला, नोकरी गेली, तर मुलगा खोलीचे दार लावून घेतो आणि आपण म्हणतो, झोपला असेल. प्राण ही अल्लाहची अमानत आहे आणि स्वतःचा जीव घेणे निषिद्ध आहे, हे त्याला ठाऊक असते. परंतु त्या एका घटकेत माणसाला ज्ञान वाचवीत नाही, कुलूप वाचविते. म्हणून ज्या घरात पिस्तूल आहे तेथे ते रिकामे करून पोलादी पेटीत राहील, काडतुसे निराळ्या कुलपात राहतील, किल्ली वडीलधाऱ्यांपाशी राहील. आणि घरातील कोणी खचलेला दिसला, तर संकोच न करता ते शस्त्र त्या दिवशीच, कायद्याने अनुमती असेल अशा ठिकाणी, घराबाहेर ठेवावे. मुलाला राग येईल. येऊ द्या.

आईंनी विचारावी अशी एक गोष्ट उरते. प्रायमरच्या धुरात आणि पुंगळ्यांच्या काजळीत शिसे असते. ते हातांवर, कपड्यांवर बसते आणि लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. वजूचे पाणी शरीर पाक करील, पण शिशाला साबण लागतो. पुंगळ्या स्वयंपाकघरात कधी धुवू नयेत, त्या मेजावर खाऊ नये. सरावावरून परतलेल्याने दाराशीच जोडे काढावेत, सदरा निराळा टाकावा, हात-तोंड साबणाने धुवावे, मग वजू करून नमाज अदा करावी, आणि त्यानंतरच धाकट्याला कडेवर घ्यावे.