करवतीची सेवा

कायकाची थोरवी आपण नित्य ऐकतो. परंतु कायकाच्या साधनाची सेवा किती जण करतात? सुताराची करवतच घ्या. तंतूंच्या दिशेने लाकूड चिरणाऱ्या करवतीचे दात पटाशीसारखे असतात. तंतूंना आडवे कापणारीचे मात्र सुरीच्या टोकासारखे.

आडव्या करवतीला धार लावण्याआधी सपाट कानस फिरवून सर्व टोके एका पातळीत आणतात. नवशिका गोंधळतो, धार हवी तर टोके बोथट का करावीत? परंतु एक दात उंच राहिला तर भार त्याच्यावरच पडतो, करवत उड्या मारते, आणि बुटके दात लाकडाला स्पर्शही न करता रांगेत मिरवतात. (असे दात मठाच्या समित्यांतही आढळतात!) बुटका दात वाढवता येत नाही, उंचालाच खाली यावे लागते.

मग दात एकाआड एक डावी-उजवीकडे किंचित वाकवतात, तोही वरचा अर्धा भागच. मुळाशी वाकवला तर मोडण्याचे भय. त्यामुळे काप पात्याहून रुंद पडतो व पाते अडकत नाही. शेवटी तीनधारी कानस तिरकी धरून एकाआड एक खाच घासावी, मग बाजू पालटून उरलेल्या. प्रत्येक खाचेत हात सारखेच. काम संपताच चीक पुसून तेलाचा हात द्यावा.

हल्ली कठीण केलेल्या दातांच्या करवती मिळतात. त्यांवर कानस चालत नाही, बोथटल्या की टाकून द्याव्या लागतात. तेव्हा आजोबांची करवत खुंटीवर गंजत असेल, तर ती जाणत्या सुताराकडे न्या, आणि सोबत मुलालाही न्या.