विकत घेतलेलें शौर्य

पैशानें काय विकत घेतां येतें आणि काय येत नाहीं, हा प्रश्न श्रीमंत व्यापारी नगरांपुढें फार प्राचीन काळापासून उभा आहे. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरील कार्थेज नगरानें त्याचें उत्तर मोठी किंमत देऊन मिळविलें.

कार्थेजचे नागरिक व्यापारांत आणि नौकानयनांत निपुण होते. जमिनीवरील लढाईचें काम मात्र त्यांनीं बहुतांशीं लिबियन, आयबेरियन, गॉल अशा परक्या शिपायांवर सोंपविलें होतें. व्यापाऱ्यानें पैसा मिळवावा आणि शिपायानें तो घेऊन लढावें, यांत वरवर पाहतां अन्याय तो कोणता? शिवाय हे भाडोत्री शिपाई भ्याड नव्हते. रोमशीं झालेल्या पहिल्या युद्धांत (इ. स. पूर्व २६४ ते २४१) सिसिली बेटावर ते अखेरपर्यंत लढले.

कलह माजला तो युद्ध संपल्यावर. गिस्को ह्या अधिकाऱ्यानें त्यांना सिसिलीहून तुकड्यातुकड्यांनीं पाठविलें. हेतु हा कीं, एकेका तुकडीचा पगार चुकता करून तिला मायदेशीं लावून द्यावें. कारभाऱ्यांनीं मात्र सर्वांना एकत्र जमूं दिलें. सर्वांपुढें एकदम गाऱ्हाणें मांडलें म्हणजे थकबाकींत कांहीं सूट मिळेल, असा त्यांचा हिशेब! युद्धानें खजिना रिता झाला होता हें खरें. पण ज्यांच्या रक्तावर नगर तगलें त्यांच्याशींच घासाघीस सुरू झाली. सुमारें २०,००० शिपाई उठले. करांनीं पिळून निघालेली लिबियन प्रजा त्यांना मिळाली. तिच्या स्त्रियांनीं अंगावरचे दागिने उतरून दिले. तीन वर्षांहून अधिक चाललेलें हें युद्ध आपल्या माहितींतील सर्व युद्धांत क्रूर होतें, असें इतिहासकार पॉलिबियस म्हणतो.

यावरून नागरिकांच्या सैन्याची थोरवी सांगण्यांत येते, आणि ती यथार्थ आहे. परंतु याच नगराचा हॅनिबल पुढें अशीच नाना देशांची फौज घेऊन पंधरा वर्षें इटलींत राहिला, आणि ती त्याच्यावर उलटली नाहीं. पगार तिलाही होताच; पण तिचा धनी पहारेकऱ्यांमध्यें जमिनीवर निजत असे, असें लिव्ही लिहितो.

तेव्हां दोष पगाराचा नव्हे. पगार दिला कीं आपण ऋणमुक्त झालों, ही समजूत घातक. श्रमाचें मोल पैशानें फिटतें. आपल्यासाठीं दुसऱ्यानें पत्करलेल्या मृत्यूच्या भयाचें मोल तेवढ्यानें फिटत नाहीं. आणि जो तें फिटलें असें मानतो, तो लवकरच त्या पैशांतही काटकसर करूं लागतो. कार्थेजच्या व्यापाऱ्यांनीं ती करून पाहिली. आणि शेवटीं, जें टाळण्यासाठीं सारा खर्च केला, तें शस्त्र त्यांना स्वतःच्याच हातीं धरावें लागलें.