शस्त्रखरेदी आणि विवेक



कोणतीही वस्तू विकत घेताना माणूस किंमत पाहतो, टिकाऊपणा पाहतो, आणि शेजाऱ्याकडे कोणती आहे हेही पाहतो. नांगर असो, शिलाई यंत्र असो, एवढा विचार बहुधा पुरतो. परंतु ज्या वस्तूचे कार्यच मुळी प्राण घेणे हे आहे, ती विकत घेताना एवढ्यावर भागेल काय?

मूळ बेळगाव तालुक्यातील आणि आता अमेरिकेतील टेक्सास राज्यात स्थायिक झालेल्या एका सद्भक्ताने हा प्रश्न पत्राने विचारला आहे. त्यांनी शहराबाहेर थोडी जमीन घेतली आहे. रात्री रानडुकरांचा कळप येतो आणि पीक मुळासकट उकरून टाकतो. दुकानदाराने त्यांना तुर्कस्तानात बनलेली, फारशी नावाजलेली नसलेली बारा बोरची अर्धस्वयंचलित बंदूक दाखविली. नामांकित बंदुकीच्या निम्म्याहूनही कमी किमतीत ती मिळते. ती घ्यावी की न घ्यावी, एवढेच त्यांनी विचारले आहे. प्रश्न लहान असला तरी त्याच्या पोटात तीन प्रश्न आहेत, ते क्रमाने पाहू.

खानापूरच्या शेतकऱ्यालाही रानडुकराचा उपद्रव आहे, पण त्याला हा प्रश्न या रूपात पडत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवाना लागतो, अर्धस्वयंचलित बंदुकीचा वर्ग निराळा व अधिक कडक आहे, सामान्य माणसाला परदेशी बंदूक आयात करता येत नाही, आणि निवडणूक जाहीर झाली की शेतीसंरक्षणाची बंदूक पुष्कळदा पोलीस ठाण्यात नेऊन जमा करावी लागते. टेक्सासमध्ये अठरा वर्षे पूर्ण झालेल्या माणसाने परवानाधारक दुकानात अर्ज भरला आणि पूर्वचारित्र्याच्या तपासणीत काही आढळले नाही, तर तो त्याच दिवशी छऱ्याची बंदूक घेऊन घरी जाऊ शकतो. स्वतःच्या जमिनीतील रानडुक्कर मारण्यास तेथे २०१९ पासून शिकारीचा परवानाही लागत नाही. जेथे कायदा वाट मोकळी ठेवतो तेथे विवेकावरचा भार वाढतो. म्हणूनच त्या सद्भक्ताने कायद्याचा सल्ला मागितला नाही, धर्माचा मागितला.

पहिला प्रश्न गरजेचा. पीक वाचवावयाचे आहे की डुक्कर मारावयाचे आहे? दोन्ही एकच वाटतात, पण एक नव्हेत. डुकरे कळपाने राहतात. एकदोन मारली की उरलेली पांगतात, सावध होतात आणि दुसऱ्या रात्री दुसऱ्या बांधाने शिरतात. म्हणून तेथील वन्यजीव खात्याची माणसे मोठा पिंजरा लावून सगळा कळप एकदम धरण्याचा सल्ला देतात. शिवाय छऱ्याच्या बंदुकीचा पल्ला थोडा. अंधारात, धावत्या कळपावर, दुरून मारलेला छर्रा पुष्कळदा मारीत नाही, केवळ जखमी करतो. ते जनावर झुडपात जाऊन दोन-चार दिवस तडफडते. दया हे धर्माचे मूळ आहे असे शरणांनी सांगितले. पिकासाठी प्राण्याचा जीव घेणे शेतकऱ्यास कधी अटळ होते, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु अटळ हिंसा आणि आळसाने केलेली हिंसा यांत भेद आहे. कुंपण आणि पिंजरा यांचे कष्ट चुकविण्यासाठी बंदूक घ्यावयाची असेल, तर ती पहिल्या पायरीवरच सोडावी.

‘घराच्या रक्षणालाही होईल’ असे पत्रात एका ओळीत आहे. या ओळीवर त्यांनी फार विचार करावा. अमेरिकेत बंदुकीने जे मृत्यू होतात, त्यांत निम्म्याहून अधिक आत्महत्येचे असतात. चोर येईल की नाही हे अनिश्चित, पण घरातील एखाद्याच्या मनाला अंधारी रात्र येणे तितके दुर्मीळ नाही. म्हणून बंदूक घरात येण्यापूर्वी घरातील सर्वांना विचारणे, हा शिष्टाचार नसून कर्तव्य आहे.

दुसरा प्रश्न यंत्राचा. अर्धस्वयंचलित म्हणजे काय? चाप एकदा ओढला की एकच बार उडतो. मात्र उडालेल्या बाराच्या वायूने किंवा धक्क्याने बंदूक स्वतःच रिकामे काडतूस बाहेर फेकते आणि नवे आत घेते. आपल्याकडील ठासणीच्या बंदुकीत एक बार झाला की दारू भरा, छर्रे घाला, गजाने ठासा, एवढा वेळ जाई. त्या वेळात जनावर पळून जाई हे खरे, पण माणसाचा रागही निवे. नव्या यंत्राने हा अवधी काढून घेतला आहे.

येथे पूर्वपक्ष असा : पहिल्या बाराने जनावर जखमी झाले, तर दुसरा बार ताबडतोब मारून त्याच्या यातना संपविता येतात. मग हे यंत्रच अधिक दयाळू नव्हे काय? हा आक्षेप खोटा नाही. पण त्यास एक अट आहे. पहिला बार नेम धरून, विचार करून मारलेला असावा. मागे आणखी काडतुसे आहेत म्हणून पहिला बार निष्काळजीपणे मारला, तर दुसरा दयेचा राहत नाही. अमेरिकेच्या कायद्यालाही हे तत्त्व ठाऊक आहे. स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनपेक्षा अधिक काडतुसे मावू नयेत, म्हणून आत खुंटी बसविण्याचा नियम तेथे १९३५ पासून आहे. ती खुंटी पक्ष्यांसाठी कायद्याने बसविली. बाकी सर्व प्रसंगी ती बंदूकधाऱ्याने आपल्या मनात बसवावयाची आहे.

तिसरा प्रश्न विश्वासाचा, आणि दुकानदाराने दाखविलेल्या स्वस्ताईचा गुंता येथेच आहे. परदेशी आणि अपरिचित म्हणजे वाईट, असे आम्ही म्हणत नाही. चांगली चाललेली पहिली अर्धस्वयंचलित छऱ्याची बंदूक जॉन ब्राउनिंग या अमेरिकी कारागिराने रचली. विन्चेस्टर कंपनीशी मोबदल्यावरून त्याचे जमले नाही. रेमिंग्टनच्या प्रमुखाला भेटावयास गेला, तो १९०२ च्या जानेवारीत त्या गृहस्थाचा अकस्मात मृत्यू झाला. शेवटी बेल्जियममधील कारखान्याने ती बनविली आणि ती अमेरिकेत परदेशी माल म्हणून आली. पुढे जवळजवळ शतकभर, १९९८ पर्यंत, ती बनत राहिली. तुर्कस्तानातही कोन्या प्रांतातील हुगलू व उझुमलू ही गावे बंदुका घडविणाऱ्यांची म्हणून प्रसिद्ध आहेत. हुगलूच्या कारागिरांची सहकारी संस्था १९६२ पासून आहे. कारागिराचे कायक कोणत्याही देशात आदरास पात्र आहे.

अडचण निराळी आहे. तुर्कस्तानातील एकाच कारखान्याची बंदूक अमेरिकेत निरनिराळ्या आयातदारांच्या नावांनी विकली जाते. आयातदाराचे नाव व गाव बंदुकीच्या लोखंडावर कोरण्याची सक्ती आहे, पण कोरलेले नाव उद्या दार उघडेल याची खात्री नाही. त्यातून एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९७२ च्या ज्या ग्राहकसुरक्षा कायद्याने सदोष पंखा किंवा पाळणा सरकारला बाजारातून परत मागविता येतो, त्या कायद्यातून बंदुका वगळलेल्या आहेत. सदोष बंदूक परत घेणे हे बनविणाऱ्याच्या सद्‌बुद्धीवर राहते. ती बंदूक पडल्यावर आपोआप उडाली, किंवा जखमी जनावरासमोर अडखळली, तर ज्याच्या दारी जावयाचे तो कदाचित तेथे नसेल. किमतीत जे वाचले, ते जबाबदारी होऊन घेणाऱ्याच्या खांद्यावर येते. असे करार माणूस न वाचता सही करतो.

तात्पर्य, आमचा सल्ला असा. प्रथम पिंजरा लावावा व एक हंगाम पाहावा. तेवढ्याने भागले तर पैसे आणि पाप दोन्ही वाचतील. न भागल्यास, ती विशिष्ट बंदूक उघडून दुरुस्त करणारा कारागीर जवळपास आहे काय आणि तिचे सुटे भाग मिळतात काय, हे स्वतः जाऊन विचारावे. उत्तर ‘नाही’ असेल तर ती कितीही स्वस्त असली तरी महाग आहे. घेतलीच, तर शेतात नेण्याआधी निशाणाच्या मैदानावर जी काडतुसे वापरावयाची तीच शेकड्याने उडवून पाहावीत. अशा बंदुका नव्या असताना हलक्या काडतुसांवर पुष्कळदा अडखळतात. वापराने ही खोड गेली तर ठीक, न गेल्यास ती जिवंत प्राण्यासमोर नेऊ नये. बंदूक कुलपात, काडतुसे दुसऱ्या कुलपात असावीत. सतरा वर्षांखालील मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागू देणे हा टेक्सासमध्ये गुन्हाही आहे.

शेवटची गोष्ट सर्वांत अवघड. बंदूक अडखळणारी निघाली, तर ती दुसऱ्या कोणाच्या गळ्यात मारू नये. दोन व्यक्तींमधील खासगी विक्रीत तेथे तपासणीही लागत नाही, त्यामुळे मोह मोठा. पण दोष जाणून विकलेल्या शस्त्राने पुढे जे होईल, त्यातील वाटा विकणाऱ्याचा राहतो. ती मोडीत काढावी व तोटा स्वतः सोसावा.

हा तोटा सोसण्याची ज्याची तयारी आहे, त्याने बंदूक घेण्यास आमची हरकत नाही. ज्याची नाही, त्याने कुंपणाचा एक पदर वाढवावा. शस्त्र घेताना माणूस आपल्या रागाचे, घाईचे आणि निष्काळजीपणाचेही मोल ठरवीत असतो, आणि ते मोल बहुधा दुसऱ्याच कोणाला चुकते करावे लागते. एवढे ध्यानी ठेवून प्रत्येकाने आपला निर्णय करावा.