तुडतुडा आणि फुलपाखरू

पौष-माघात मानकुरादाला मोहोर आला की त्याच्या पाठोपाठ तुडतुडेही येतात. गव्हाच्या दाण्याहून लहान असा हा पाचरीच्या आकाराचा कीटक कोवळ्या मोहोराचा रस शोषतो. त्याच्या अंगातून स्रवणारा चिकट द्रव पानांवर पडून त्यावर काळी बुरशी चढते. मोहोर सुकतो, बारीक कैऱ्या गळतात.

देवळाच्या प्राकारातील बेलावर दुसरा जीव वाढतो. लिंबावर नेहमी दिसणारे काळ्या-पिवळ्या पंखांचे फुलपाखरू बेलाच्याही कोवळ्या पानांवर अंडी घालते. अळी आरंभी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, मोठी झाल्यावर हिरवी होते आणि लहान झाड बघता बघता ओरबाडून टाकते. कुरतडलेले बेलपत्र पूजेला चालत नाही, हे वाचकांस सांगावयास नकोच.

उपद्रव दोघांचाही. तरी तुडतुडा दिसताच आपण औषधाचा पंप आणतो आणि फुलपाखरू दिसताच मुलांना हाक मारतो. हा न्याय कोणता? तुडतुड्याचे पिल्लू बव्हंशी आईबापांसारखेच असते; त्याला रूप पालटता येत नाही. फुलपाखरू मात्र अळीचे शरीर कोशात टाकून बाहेर पडते, म्हणून बेल खाणारा तो हाच, याचा आपणांस विसर पडतो. कोणी म्हणेल, फुलपाखरू परागसिंचन करते. खरे, पण तुडतुड्यावरही कोळी आणि पाखरे जगतात. लाभहानीचा हा हिशेब आपला आहे, त्या जिवांच्या पापपुण्याचा नव्हे.

मग आंबा राखूच नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. मनुस्मृतीत चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ व पाण्याचा घडा या पाच ठिकाणी गृहस्थाच्या हातून घडणारी हिंसा सांगून तिच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ नेमले आहेत. चूल विझवा, असे तेथे म्हटलेले नाही. आणि चुलीत मेलेला किडा दुष्ट होता, असेही नाही. फवारणीकडे आम्ही याच दृष्टीने पाहतो. ती गरज असेल, पण शिक्षा नव्हे. म्हणून गरजेहून अधिक नको. मोहोर पूर्ण उमललेला असता फवारल्यास परागसिंचन करणाऱ्या माश्या व मधमाश्याही मरतात. तुडतुड्यांना दाट सावली मानवते; फळे उतरल्यावर फांद्या विरळ करून आत ऊन येऊ दिले तर त्यांचा जोर कमी होतो. बेलावरच्या अळ्या तर हातानेही वेचता येतात.